तारीख नसलेला अभ्यास आणि घरातली जागा

रामबागची_लेक | २४ मे २०२०

नमस्कार. पुण्याच्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. मार्चच्या मध्यावर महाराष्ट्रातली महाविद्यालये महिनाअखेरपर्यंत बंद झाली, तेव्हा रात्रीच्या बसने धुळे-सेंधवा मार्गे मी इंदूरला घरी आले. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे या समजुतीने दोनच पुस्तके बरोबर घेतली होती. त्यानंतर २२ मार्चचा जनता कर्फ्यू, बंद पडलेली रेल्वे, नेमकी पाडव्याच्या दिवशी सुरू झालेली देशभराची टाळेबंदी आणि ३० मार्चपासून इंदुरात किराणा-भाजीसकट सगळेच बंद, हे इथल्या सदस्यांना ठाऊकच आहे. आता टाळेबंदीचा चौथा टप्पा चालू आहे आणि मी अजून घरीच आहे.

मला लिहायचे आहे ते घरातल्या जागेविषयी. आमचे घर म्हणजे एका जुन्या वाड्याचा खालचा भाग. पुढे बैठक, मग मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणाला लागून एक लहान खोली. ती मागची खोली आम्हा भावंडांची अभ्यासाची. परंतु बाबा बँकेत आहेत, म्हणजे टाळेबंदीतही त्यांना रोज शाखेत जावे लागले. मागच्या गल्लीतून यायचे, अंगणातल्या न्हाणीघरात अंघोळ करायची, कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि त्याच खोलीत झोपायचे, अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात लागली. आजी ऐंशीच्या पुढची आहे, तेव्हा या व्यवस्थेबद्दल कोणाचेच दुमत नव्हते, माझेही नाही.

मधली खोली धाकट्या भावाला मिळाली, कारण तो मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीला आहे आणि त्याचे राहिलेले पेपर आता ९ ते १६ जून या काळात होणार असे जाहीर झाले आहे. उरली बैठक. तिथे आजीचा पलंग आहे आणि दूरदर्शन संच आहे. २८ मार्चपासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी दोन्ही वेळा रामायणाची मालिका पुन्हा लागली, आणि सकाळी नऊ ही नेमकी आमच्या प्राध्यापकांची ऑनलाइन तासाची वेळ होती. आजीला कमी ऐकू येत असल्यामुळे आवाज मोठा असे. बहुचल विश्लेषणाचा जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम मी युद्धाच्या पार्श्वसंगीतावर शिकले आहे.

आईने, बाबांनी किंवा आजीने मला मुद्दाम कधी अडवले नाही, हे स्पष्ट सांगते. तरीही दिवसभरात दळण, औषधांची यादी, नगर निगमाच्या गाडीवर किराण्याची चिठ्ठी देणे, आत्याच्या सोसायटीची देयके मोबाइलवरून भरणे, मावशीला व्हिडिओ कॉल लावून देणे ही सगळी कामे माझ्याकडे येतात, भावाकडे एकही जात नाही. बरेच दिवस विचार करून मला असे वाटू लागले आहे की घरात जागा आणि शांतता मिळते ती अभ्यासाला नव्हे, तारखेला. भावाच्या परीक्षेला तारीख आहे. माझ्या परीक्षेबद्दल महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणमंत्र्यांनी ८ मे रोजी ‘जुलैत होईल’ असे सांगितले आणि आता ती रद्द करण्याची भाषा चालू आहे. ज्या परीक्षेला तारीख नाही तिचा अभ्यास करणारी मुलगी घरच्यांच्या दृष्टीने सुट्टीवर आलेली आहे.

इतर घरांत काय अनुभव आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

सुदामानगरची_काकू | २५ मे २०२०

मुली, तुझे लिहिणे पटले, परंतु एक बाजू मी मांडते. माझी मुलगी वेल्लोरहून आली आहे आणि मुलगा इथेच अभियांत्रिकीला आहे. दोघेही दिवसभर मोबाइल घेऊन बसलेले असतात. कान झाकलेले, नजर पडद्यावर. तो तास आहे, मैत्रिणीशी गप्पा आहेत की चित्रपट आहे हे मला स्वयंपाकघरातून कसे कळावे? पूर्वी मूल पुस्तक घेऊन बसले की घराला कळत असे. आता अभ्यासाचे आणि करमणुकीचे साधन एकच झाले आहे, आणि हाक मारायची की नाही हे ठरवण्याची कोणतीही खूण आईपाशी उरलेली नाही.

दुसरे असे की कामवाल्या बाई येत नाहीत, चार माणसे तिन्ही त्रिकाळ घरात आहेत आणि नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. एप्रिलभर भाजी नव्हती. पिठले, कढी, मटकी, पुन्हा पिठले. मागच्या उन्हाळ्यातले सांडगे आणि कुरडया संपल्या तेव्हा डब्यांच्या तळाशी काय काय निघाले ते विचारू नकोस. अशा दिवसांत समोर जे मोकळे दिसेल त्याला काम सांगितले जाते. त्यात ‘हिचा अभ्यास महत्त्वाचा नाही’ असा विचार नसतो. विचार करण्याइतकी सवडच नसते.

राजेंद्रनगर_आजोबा | २५ मे २०२०

ज्या शहरात रुग्णालयांत खाटांसाठी धावपळ चालू आहे त्या शहरात टेबल मिळत नाही म्हणून धागा काढणे शोभत नाही असे मला वाटते. घर आहे, दोन वेळचे जेवण आहे, सर्व जण सुखरूप आहेत. आग्रा-मुंबई रस्त्यावर बायपासला जाऊन पाहावे. मुलाबाळांना घेऊन उन्हात पायी निघालेले मजूर दिसतील.

रामबागची_लेक | २५ मे २०२०

आजोबा, बायपासवर पोळ्यांची पाकिटे पोहोचवणाऱ्यांना आमच्या गल्लीतूनही पोळ्या जात होत्या आणि त्या लाटण्यात माझा वाटा होता, म्हणून ते चित्र मला परके नाही. मी दुःखांची तुलना करत नाही. पदवीचे शेवटचे सत्र आहे आणि त्याच्या गुणांवर पुढचा प्रवेश अवलंबून आहे, एवढ्यापुरताच माझा प्रश्न आहे.

काकू, खुणेचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. तो अगदी योग्य आहे.

फळा_खडू | २५ मे २०२०

मी इंदुरातल्या एका शासकीय महाविद्यालयात शिकवतो आणि या प्रश्नाकडे पडद्याच्या दुसऱ्या बाजूने पाहतो. माझ्या वर्गातली काही मुले धार-झाबुआकडच्या गावांतली आहेत. त्यांना घरात खोली आहे, शेतात मोकळी जागाही आहे, परंतु नेटवर्क मिळवायला टेकाडावर जावे लागते. शहरातल्या मुलांना नेटवर्क आहे, खोली नाही. मी प्रश्न विचारतो तेव्हा ज्याचा माइक उघडतो त्याच्या घरातला कुकर, भांडणे, देवघरातली घंटा हे सर्व आधी ऐकू येते आणि उत्तर मागाहून येते. मुली तर बहुधा लिहूनच उत्तर देतात. घरात सर्वांसमोर मोठ्याने इंग्रजीत बोलायचा संकोच वाटतो, असे त्यांतल्या एकीने मला सांगितले. वर्गात हीच मुलगी सर्वांत आधी हात वर करत असे.

तारखेच्या मुद्द्याविषयी: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत शेवटच्या सत्राच्या परीक्षा १ ते १५ जुलै आणि मधल्या सत्रांच्या १६ ते ३१ जुलै अशा सुचवल्या होत्या, परीक्षेचा वेळ तीन तासांवरून दोन तासांवर आणण्याची मुभाही दिली होती. परंतु त्या सूचना होत्या, वेळापत्रक नव्हते, आणि त्या घरी दाखवून कोणाला खोली मिळेल असे मला वाटत नाही. माझी सूचना साधी आहे: आठवड्याचे तास एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावेत. काकूंना हवी असलेली खूण तीच.

लष्करवाला | २७ मे २०२०

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला. ताई, माझ्याकडे स्वतंत्र खोली आहे, दाराला कडी आहे, तरी अभ्यास होत नाही, म्हणून जागेचा मुद्दा मला अपुरा वाटतो. आमचे किराण्याचे दुकान आहे. टाळेबंदीत ठरावीक तासच उघडायची परवानगी होती, म्हणून वडिलांनी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर याद्या पाठवायला सांगितले आणि क्रमांक दिला माझा. आता परिच्छेदाच्या मध्यावर ‘तुरीची डाळ दोन किलो, हिंग आहे का’ असा निरोप येतो. काम खोलीत शिरते ते फोनमधून. व्याख्यानही त्याच फोनवर असल्यामुळे तो बंद ठेवता येत नाही.

तक्रार करण्याइतका हा भार नाही. दुकान चालले म्हणून आमचे घर चालले. कॉलनीतल्या कापडवाल्यांचे काय झाले ते मी पाहतो आहे. परंतु मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे हे गेल्या दोन महिन्यांत कोणी उच्चारलेले नाही. फीची पावती आली तेव्हा एकदा आठवण झाली.

रामबागची_लेक | १ जून २०२०

कागद चिकटवला. पहिले चार-पाच दिवस उपयोग झाला. आई दाराशी येऊन वाचायची आणि मागे फिरायची. मग काल, ३१ मे रोजी, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार नाही, आधीच्या सत्रांच्या गुणांवरून सरासरी गुण मिळतील असे सांगितले. बातमी बैठकीतच सर्वांनी ऐकली. आजीने ‘सुटलीस बाई’ म्हणून साखर हातावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तो कागद उतरवून त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली गेली होती. मला हसू आले, रागही आला.

सरासरी नको असलेल्यांना परीक्षेचा पर्याय राहील असे म्हणतात. माझी चौथ्या सत्रातली टक्केवारी आजारपणामुळे कमी आहे, त्यामुळे सरासरी मला परवडणारी नाही. हे घरी समजावून सांगणे अवघड जाते. न मागता मिळालेली सुटका नाकारणारी व्यक्ती कोणालाही हट्टीच वाटते.

सुदामानगरची_काकू | २ जून २०२०

एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या जागी तुझा भाऊ पुण्याहून आला असता आणि तू बारावीला असतीस, तर वाटणी हीच झाली असती का?

रामबागची_लेक | १९ जून २०२०

काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लगेच दिले नाही, कारण प्रामाणिकपणे देता येत नव्हते. आता थोडे देता येईल. भावाचे पेपर १६ तारखेला संपले. मास्क, सॅनिटायझर, केंद्रावर ताप मोजणारी यंत्रे, सर्व सोपस्कारांसह संपले. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे तारीख संपली की मधली खोली मोकळी व्हायला हवी होती. ती झाली नाही. तो तिथेच आहे, दार लोटून मोबाइलवर खेळतो आहे, आणि त्याला ‘इतके दिवस अभ्यास केला, आता जरा विश्रांती घेऊ दे’ असे म्हटले जाते.

म्हणजे तारीख हे अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे तुम्ही विचारलेत ते. परंतु तेही सरळ नाही, कारण कामे सांगणारी आई आहे आणि तिला स्वतःला त्या घरात बसायला ठरलेली खुर्चीसुद्धा नाही. तिच्यामागे मी दुसरी आहे एवढाच अर्थ मी लावते. मी बाबांशी बोलले. त्यांनी भावाला दळणाची आणि दुधाची जबाबदारी दिली. खोलीचे नाव कोणी काढले नाही, मीही त्या दिवशी काढले नाही, कारण दळण सुटले हे माझ्या दृष्टीने कमी नव्हते.

लष्करवाला | १९ जून २०२०

आमच्याकडे मी मुलगाच आहे, तरी दुकान माझ्याच माथी आहे. बहीण मात्र भांडी घासून मग तास ऐकते, हे तुमचे वाचल्यावर मोजून पाहिले. आजपासून तिच्या तासाच्या वेळी याद्या घेणे बंद केले आहे. घरात दोनच फोन आहेत आणि तिचा तास माझ्या फोनवर चालतो.

फळा_खडू | ७ जुलै २०२०

काल, ६ जुलैला, अनुदान आयोगाच्या सुधारित सूचना आल्या. शेवटच्या सत्राची परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घेणे बंधनकारक आहे. ती ऑनलाइन, ऑफलाइन किंवा संमिश्र पद्धतीने घेता येईल. आपल्या मध्य प्रदेश सरकारनेही जूनमध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा न घेण्याचे सांगितले होते, तेव्हा दोन्ही राज्यांतली मुले आता पुन्हा अधांतरी आहेत. माझा विद्यार्थ्यांना एवढाच निरोप आहे की पुस्तके बांधून ठेवू नका. न्यायालयात याचिका जातील आणि वेळ लागेल.

राजेंद्रनगर_आजोबा | ८ जुलै २०२०

माझा नातू शेवटच्या वर्षाला आहे. काल बातमी ऐकून त्याने ताट बाजूला सारले. मे महिन्यात मी इथे जे लिहिले त्यातला सूर कडक होता. आशय मी मागे घेत नाही, परंतु हा धागा आमच्या घरात आता मोठ्याने वाचला गेला आहे. नातवाला आमची माडी दिली आहे. पत्रे तापतात, दुपारी बसवत नाही, पहाटे मात्र बसतो. एक व्यावहारिक प्रश्न: राजवाड्याच्या बाजारात एक दिवस डावीकडची आणि एक दिवस उजवीकडची दुकाने उघडतात, त्यात संगणकाची दुकाने नेमकी कोणत्या दिवशी असतात? हेडफोन हवा आहे.

सुदामानगरची_काकू | ८ जुलै २०२०

आजोबा, राजवाड्याला कशाला जाता? संगणकाचे सामान जेल रोडला मिळते. आधी फोन करून पाहावे.

रामबागची_लेक | ३० ऑगस्ट २०२०

२८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. परीक्षा न घेता शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना राज्ये उत्तीर्ण करू शकत नाहीत. मुदत मात्र वाढवून मागू शकतात. निकाल आला तेव्हा मला अभ्यासाला कोपराच नव्हता, कारण २२ तारखेपासून बैठकीत गणपती आहेत. यंदा शहरात सार्वजनिक मांडव नाहीत, तेव्हा आजीच्या इच्छेने घरच्या गणपतीची आरास नेहमीपेक्षा मोठी झाली आणि माझी घडीची चौरंगासारखी मेज मखराखाली गेली.

निकालाची बातमी बाबांनी दोनदा वाचली. जुलैपासून ते पुन्हा घरात झोपू लागले होते आणि मागच्या खोलीत टाळेबंदीच्या भीतीने भरलेली तांदळाची पोती, तेलाचे डबे आणि साबणाची खोकी होती. काल रविवारची वाट न पाहता त्यांनी ती पोती स्वयंपाकघराच्या पोटमाळ्यावर चढवली, भावाने खालून हात दिला, आणि संध्याकाळी खोली झाडून मला दिली. कोणी काही बोलले नाही. परीक्षेची तारीख अजूनही लागलेली नाही, फक्त ती लागणार हे नक्की झाले आहे. आमच्या घराला तेवढे पुरले. माझा सिद्धान्त यात किती टिकतो हे तज्ज्ञांनी ठरवावे.

फळा_खडू | १२ सप्टेंबर २०२०

मध्य प्रदेशात शेवटच्या वर्षाची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होत आहे. प्रश्नपत्रिका संकेतस्थळावरून घ्यायची, उत्तरे स्वतःच्या हस्ताक्षरात घरी लिहायची आणि उत्तरपुस्तिका जवळच्या संकलन केंद्रावर जमा करायची. यात घर हेच परीक्षा केंद्र झाले, तेव्हा या धाग्याचा विषय आता अधिकृत झाला म्हणायला हरकत नाही. पालकांना विनंती आहे की त्या दिवसांत पाहुणे बोलावू नयेत. पुस्तक समोर असते म्हणून परीक्षा सोपी असते हा समज मुलांनी आणि घरच्यांनी दोघांनीही सोडावा. ज्याने पुस्तक आधी वाचलेले नाही त्याला उत्तर कोणत्या पानावर आहे हेच सापडत नाही.

रामबागची_लेक | २५ ऑक्टोबर २०२०

माझी परीक्षा याच महिन्यात झाली. बहुपर्यायी प्रश्न, संगणकासमोर बसून, घरूनच. भावाचा लॅपटॉप, बाबांच्या फोनवरचे इंटरनेट आणि माझ्या फोनवर राखीव म्हणून दुसरे, अशी तयारी होती. मागच्या खोलीच्या दाराबाहेर आजी खुर्ची टाकून बसली होती, आणि दूधवाल्यापासून आत्यापर्यंत सर्वांना तिने बोटाने गप्प केले. पेपर बरे गेले. आज दसरा आहे. सोने द्यायला बाहेर कोणी जाणार नाही, तेव्हा इथेच सर्वांना शुभेच्छा.

सुदामानगरची_काकू | २६ ऑक्टोबर २०२०

अभिनंदन. आता मला तुझा सल्ला हवा आहे. माझ्या धाकट्या पुतणीचा पहिल्या वर्षाला प्रवेश झाला आहे आणि नवीन वर्ग १ नोव्हेंबरपासून ऑनलाइन सुरू होतील असे ऐकते. तिने महाविद्यालयाची इमारतसुद्धा आतून पाहिलेली नाही. ती आमच्याकडेच राहणार आहे. घरात काय करून ठेवू?

रामबागची_लेक | २६ ऑक्टोबर २०२०

काकू, खोली देता आली तर द्याच, नाहीतर भिंतीकडे तोंड करून एक ठरलेली जागा द्या आणि ती सणावारालाही हलवू नका. तारांचा कान झाकणारा हेडफोन घ्या, बिनतारीचे चार्जिंग नेमके तासाला संपते. तासांचा कागद तिच्या हस्ताक्षरात नको, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरात लावा. आमच्याकडे दुसऱ्या वेळी तो बाबांनी लिहिला आणि त्याच्या पाठीवर याद्या झाल्या नाहीत. घरातली ऑनलाइन देयके पहिल्याच आठवड्यात तुमच्या मुलाच्या फोनवर जोडून टाका, ती एकदा तिच्याकडे गेली की परत येणार नाहीत. आणि तास चालू असताना मधून मधून चहा नेऊन देऊ नका. कॅमेरा चालू असतो.